शीख मुलांची निवासी उन्हाळी शिबिरे आणि मुक्कामाचे मोल

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परदेशातील मराठी मुलांची भाषा आणि त्यांच्यावरील संस्कार यांविषयी आपल्या दैनिकात नेमाने लिहिले जाते. त्या लेखनात बहुधा दोनच उपाय सुचवले जातात: घरात मराठी बोलावे आणि रविवारच्या मराठी शाळेत मुलांना पाठवावे. दोन्ही उपाय योग्यच आहेत. परंतु उत्तर अमेरिकेतील शीख समाजाने गेली काही दशके तिसरा एक मार्ग मोठ्या चिकाटीने चालवला आहे आणि त्याची माहिती मराठी वाचकांपर्यंत फारशी पोहोचलेली दिसत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा-सात वर्षांच्या लहानग्यांपासून सतरा-अठरा वर्षांच्या तरुणांपर्यंतची मुले-मुली काही दिवस घर सोडून एकत्र राहतात, अशी ही निवासी गुरमत, म्हणजे शीख धर्मशिक्षणाची, शिबिरे आहेत. मी कॅलिफोर्नियात बालरोगतज्ज्ञ आहे. शीख शेजाऱ्यांच्या विनंतीवरून गेल्या काही उन्हाळ्यांत अशा शिबिरात वैद्यकीय मदतीसाठी जात आले आहे, आणि तेथे जे पाहिले त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की या शिबिरांचे यश दोन गोष्टींत आहे: एक रात्रीचा मुक्काम आणि दुसरी, लहानांना सांभाळण्याची जबाबदारी थोड्या मोठ्या मुलांवर सोपवण्याचे धाडस.

कॅलिफोर्नियातील शीख समाज काल-परवा आलेला नाही. स्टॉकटन येथील गुरुद्वारा १९१२ साली स्थापन झाला आणि अमेरिकेतील तो पहिला गुरुद्वारा मानला जातो. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या गदर चळवळीला या भागातील शीख शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी तन-मन-धन दिले. त्या चळवळीतील करतारसिंग सराभा यांच्यासोबत १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात ज्यांना फाशी झाली, त्यांत तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे होते, हे महाराष्ट्राने विसरता कामा नये. १९६५ च्या नव्या स्थलांतर कायद्यानंतर मात्र या समाजाचे रूप बदलले. कुटुंबे आली, मुले येथेच जन्मली आणि गावोगावी पसरली. शेताच्या आसपास एकत्र राहणाऱ्या बिरादरीऐवजी आता एखाद्या उपनगरातील शाळेत तीनशे मुलांमध्ये पटका, म्हणजे केसांवरचे लहान फडके, बांधणारा मुलगा एकटाच, अशी स्थिती सर्रास दिसते.

त्या एकटेपणाची किंमत मुले मोजतात. शीख कोअलिशन या अमेरिकेतील शिखांच्या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार निम्म्याहून अधिक शीख मुलांना शाळेत छळ सोसावा लागतो आणि डोक्यावर पगडी किंवा पटका असणाऱ्या मुलांत हे प्रमाण ६७ टक्के आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अवघ्या चार दिवसांत ॲरिझोनातील मेसा येथे बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपावर केवळ पगडी पाहून गोळी घालण्यात आली, आणि ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिनमधील ओक क्रीक गुरुद्वाऱ्यात घुसलेल्या माथेफिरूने सहा भाविकांचे प्राण घेतले. माझ्या दवाखान्यात पोट दुखते म्हणून आणलेल्या एखाद्या मुलाचे पोट का दुखते, हे हळूहळू विचारल्यावर कळते. शाळेच्या बसमध्ये कोणीतरी पटका ओढलेला असतो आणि आई-वडिलांना सांगितले तर ते शाळेत जाऊन बोलतील, मग त्रास आणखी वाढेल, या भीतीने त्याने तोंड मिटलेले असते. अशा मुलाला घरच्यांनी कितीही समजावले तरी त्याच्यासारखीच शंभर मुले त्याला एकाच ठिकाणी दिसणे ही गोष्ट वेगळीच आहे.

आता मुक्काम कशासाठी, हा प्रश्न. रविवारी दोन तास गुरुद्वाऱ्यात गुरुमुखी शिकवता येते, कीर्तन शिकवता येते, साखी, म्हणजे गुरूंच्या आणि वीरांच्या कथा, सांगता येतात. पण शीख जीवनपद्धती ही पहाटेपासून झोपेपर्यंत पसरलेली आहे आणि तिचे बरेचसे भाग अशा वेळी येतात, जेव्हा वर्ग भरत नाहीत. पहाटे उठून स्नान आणि जपजी साहिबचा पाठ, सायंकाळी रहिरास, अंथरुणावर पडण्यापूर्वी कीर्तन सोहिला. या तीन वेळांपैकी एकही वेळ शनिवार-रविवारच्या शाळेच्या तासिकेत बसत नाही. शिबिरात मात्र सोहिला रोज रात्री खोलीतला दिवा मालवण्याआधी होते. ज्या मुलाच्या घरी ते पाठ म्हणणारे कोणी नाही, त्यालाही चौथ्या रात्री अर्धे पाठ झालेले असते आणि ते पाठ कर म्हणून त्याला कोणी सांगितलेले नसते. शिबिराच्या दिवाणात, म्हणजे प्रार्थनासभेत, पहाटे गुरू ग्रंथ साहिबचा प्रकाश होतो, म्हणजे ग्रंथ उघडतात, आणि रात्री सुखासन, म्हणजे तो मिटून ठेवतात. ग्रंथावर चौर (चवरी) ढाळण्याची सेवा मुलेच पाळीपाळीने करतात. हुकमनामा, म्हणजे ग्रंथातून त्या दिवसासाठी घेतलेले पद, वाचताना पडद्यावर गुरुमुखी ओळ, तिचे रोमन लिपीतील रूप आणि इंग्रजी अर्थ एकत्र दाखवतात, म्हणजे ज्याला वाचता येत नाही तोही बाहेर राहत नाही.

केसांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. केस न कापणाऱ्या मुलांना ते धुणे, वाळवणे, विंचरणे आणि बांधणे हे आयुष्यभराचे काम आहे, आणि घरी ते बहुधा आईच करते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला शाळेची बस गाठायची घाई असते, आईला कामावर जायचे असते आणि केस ही रोज सकाळच्या भांडणाची बाब होऊन बसते. शिबिरात मधल्या एका दिवशी केस धुण्याचा कार्यक्रम असतो. दुपारच्या उन्हात गवतावर मुलगे-मुली ओले केस पाठीवर सोडून बसलेले असतात, हातात लाकडी कंगा असतो, गप्पा चाललेल्या असतात. ज्या मुलाने आपले मोकळे केस घराबाहेर कोणाला कधी दिसू दिले नसतील, तो येथे निर्धास्त बसतो. हे दृश्य पाहिले की मनावरचे किती ओझे उतरते आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर दस्तार, म्हणजे पगडी, बांधण्याचे शिक्षण. पाच-सहा मीटर मलमलीचे कापड किंचित ओलसर करतात. दोघांनी दोन टोके धरून ते ताणायचे, झटकायचे आणि लांबीत घड्या घालत अरुंद करायचे. याला पूणी करणे म्हणतात आणि ते एकट्याला नीट जमत नाही. मग कापडाचे एक टोक दातांत धरून पहिला वेढा कानावरून तिरपा वर न्यायचा, दुसऱ्या बाजूने तसाच आणायचा, प्रत्येक लड आधीच्या लडीच्या जरा वर बसली पाहिजे, आणि शेवटी बाजाने, म्हणजे धातूच्या चपट्या सळीने, सुटलेले केस आत सारून कडा सरळ करायच्या. चौदा वर्षांचा एक मुलगा नऊ वर्षांच्या मुलासमोर गुडघ्यांवर बसून हे शिकवत होता. धाकट्याची पगडी तीनदा घसरली आणि तिन्ही वेळा मोठ्याने ती पूर्ण उलगडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. स्वतः बांधून दिली नाही. वडिलांनी हेच केले असते तर त्या मुलाने बहुधा रागाने कापड फेकले असते. ज्याच्यासारखे व्हावेसे वाटते त्याने सांगितलेले मूल ऐकते, आणि नऊ वर्षांच्या मुलाला चाळिशीतल्या माणसासारखे व्हावेसे वाटत नाही, चौदा वर्षांच्या मुलासारखे वाटते.

शिबिराचा सगळा कारभार याच समजुतीवर उभा आहे. मुलांचे जथे, म्हणजे गट, पाडलेले असतात आणि प्रत्येक जथ्यावर दोन-तीन सेवादार, म्हणजे स्वयंसेवक, नेमलेले असतात. ते महाविद्यालयात शिकणारे किंवा शाळेच्या शेवटच्या वर्षांतले असतात आणि लहान मुले त्यांना 'वीरजी' (दादा) किंवा 'भैणजी' (ताई) म्हणतात. त्यांतील बहुतेक स्वतः याच शिबिरात लहानपणी आलेले असतात. जथ्यातल्या मुलांना उठवणे, दिवाणात वेळेवर नेणे, पाणी प्यायला लावणे, घरच्या आठवणीने रडणाऱ्याच्या शेजारी बसणे, हे सर्व तेच पाहतात. लंगरची सेवाही जथ्यांमध्ये वाटलेली असते. सकाळी कणीक मळणे, पोळ्या लाटणे, पंगतीत वाढणे, मोठी पातेली घासणे, यांतून कोणालाच सूट नाही, आणि डॉक्टर-वकिलांची मुले व ट्रकचालकांची मुले एकाच मोरीपाशी उभी असतात. पहिल्या दिवशी मोबाईल जमा होतात. पहिली रात्र जड जाते, दुसऱ्या दिवशी कुरकुर होते, तिसऱ्या दिवशी कोणाला त्याची आठवणही नसते. वडीलधारी मंडळी असतात, पण स्वयंपाकघरात, नोंदणीच्या टेबलाशी आणि माझ्यासारखी औषधाच्या खोलीत. पुढे उभे राहून बोलण्याचे काम त्यांनी तरुणांकडे सोडले आहे, आणि हे सोडणे किती कठीण आहे याची कल्पना कोणत्याही मंडळाच्या कार्यकारिणीत बसलेल्या माणसाला असेल.

कीर्तन, तबला, गतका (शिखांची शस्त्रकला), खेळ, पोहणे यांविषयी फार लिहीत नाही. ते सर्वत्र उत्साहाने चालते. मुलींच्या बाबतीत मात्र एक नोंद केली पाहिजे. दिवाणात वाजा (पेटी) घेऊन कीर्तनाला बसणे, अरदास (प्रार्थना) करणे, गतक्याच्या मैदानात उतरणे, यांपैकी कशातही मुलींना मागे ठेवलेले मी पाहिले नाही, आणि काही मुलीही दस्तार बांधतात.

किशोरवयीन मुलांसाठी रात्री स्वतंत्र बैठक असते आणि तेथे एका पेटीत नाव न लिहिता प्रश्न टाकता येतात. केस कापले तर मी शीख राहीन का, आई-वडील जात पाहून लग्न का ठरवतात, देव आहे हे कशावरून, मैत्रिणीविषयी घरी कसे सांगू, असे प्रश्न त्यांत असतात. चांगल्या शिबिरात ते सर्व वाचले जातात आणि उत्तर माहीत नसेल तर तसे सांगितले जाते. नोव्हेंबर १९८४ मधील दिल्लीतील शीखविरोधी हिंसाचाराविषयीही मुले विचारतात. त्या दिवसांत एकट्या दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेल्याचा सरकारी आकडा आहे आणि या मुलांपैकी काहींच्या आजी-आजोबांची घरे त्यांत जळाली आहेत. परदेशातील शीख तरुणांचा मेळावा म्हटला की आपल्याकडे काही जणांच्या मनात लगेच राजकारणाची शंका येते, म्हणून स्पष्ट लिहिते: आपल्या आजीला गाव का सोडावे लागले, असे विचारणाऱ्या मुलाला खरे उत्तर देणे हे राजकारण नाही, आणि ते उत्तर शिबिरात जाणत्या माणसाकडून मिळाले नाही तर ते त्याला मोबाईलच्या पडद्यावर कोणाही अनोळखी माणसाकडून मिळेल. मुलांच्या हाती घोषणांचे फलक देणारे शिबिर असेल तर त्याला माझा विरोध राहील. पालकांनी कार्यक्रमाची रूपरेषा आणि वक्त्यांची नावे आधी मागून घ्यावीत. मी पाहिलेल्या शिबिरात ती न मागताच दिली जातात.

मराठी माणसाला या दिवाणात परके वाटण्याचे कारण नाही. गुरू ग्रंथ साहिबमध्ये संत नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि कॅलिफोर्नियात जन्मलेल्या मुलीच्या तोंडून नामदेवांचे नाव कीर्तनाच्या शेवटच्या ओळीत आले तेव्हा मला काय वाटले ते शब्दांत मांडणे अवघड आहे. नामदेवांचा अखेरचा काळ जेथे गेला असे पंजाबात मानतात, त्या घुमानमध्ये २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. नांदेड तर शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी तेथेच ग्रंथाला गुरुगादी दिली आणि पुढे पंजाबात शिखांचे नेतृत्व करणारे बंदासिंग बहादूर त्यांना तेथेच, गोदावरीच्या काठी, भेटले. शिबिरात बंदासिंगांची साखी सांगताना नांदेडचा उल्लेख येतोच. मी तेथून जवळच्या गावची आहे हे कळल्यावर मुलांनी नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याविषयी इतके विचारले की दिवाण सुटल्यावरही ती दारात उभी होती. आपल्या जिल्ह्याला साता समुद्रापलीकडची ही मुले इतक्या ओढीने ओळखतात, हे नांदेडकरांना कळावे असे मला वाटते.

पालकांच्या मनात पहिली शंका सुरक्षिततेची असते आणि ती रास्त आहे. कॅलिफोर्नियात २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना आपल्या नियमित स्वयंसेवकांची बोटांच्या ठशांवरून पूर्वतपासणी करून घ्यावी लागते आणि बालशोषण ओळखून त्याची माहिती देण्याचे प्रशिक्षण द्यावे लागते. कायदा नसता तरी हे करायलाच हवे. कोणताही प्रौढ माणूस मुलासोबत बंद दाराआड एकटा राहणार नाही, मुला-मुलींची झोपण्याची व्यवस्था पूर्ण वेगळी असेल, रात्री जाग्या माणसांची पाळी असेल, हे नियम लेखी असावेत आणि पहिल्याच दिवशी मुलांना मोठ्याने वाचून दाखवावेत. धर्माच्या नावाने चालणाऱ्या कार्यक्रमात 'आपलीच माणसे आहेत' म्हणून ढिलाई होण्याचा धोका अधिक असतो. औषधाच्या खोलीतील अनुभव सांगायचा तर मोठे आजार क्वचितच येतात. दम्याचे पंप, शेंगदाण्याची ॲलर्जी, विषारी वेलीने उठलेले चट्टे, पाणी कमी प्यायल्याने आलेली चक्कर आणि घरच्या आठवणीने दुखणारे पोट, हे रोजचे. प्रत्येक मुलाची औषधे पालकांनी मूळ डबीत, नावासह द्यावीत आणि ती मोठ्यांच्याच ताब्यात राहावीत. अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेली, मुले कृपाण अंगावरून उतरवत नाहीत. पोहण्याच्या वेळी त्याचे काय करायचे ते आधी ठरवावे लागते आणि जागेच्या मालकाशीही त्याविषयी आधीच बोलून ठेवावे लागते, कारण शिबिरस्थळ बहुधा दुसऱ्या एखाद्या संस्थेकडून भाड्याने घेतलेले असते.

सर्वच शिबिरे सारखी चांगली नसतात, हेही लिहिले पाहिजे. काही ठिकाणी भारतातून आलेले प्रचारक मुलांना न कळणाऱ्या पंजाबीत तासभर बोलतात आणि मुले बसल्या जागी पेंगतात. काही ठिकाणी केस कापलेल्या मुलांना नकळत दुय्यम वागवले जाते, आणि अशी मुले पुढच्या वर्षी परत येत नाहीत. शुल्कामुळे गरीब घरची मुले गळतात. त्यावर काही गुरुद्वारे संगतीच्या, म्हणजे भाविकांच्या, देणगीतून मार्ग काढतात, काही काढत नाहीत. शिबिरातून आल्यावर पंधरा दिवसांत पहाटेचा पाठ सुटतो, अशी तक्रार पालक करतात. ती खरी आहे. तरीही वर्षभर ज्या वीरजीशी बोलता येईल असा एक माणूस मुलाला मिळालेला असतो, आणि बसमधला पटक्याचा प्रकार तो पहिल्यांदा त्याला सांगतो, आई-वडिलांना नाही. डॉक्टर म्हणून मला या एका गोष्टीचे मोल फार वाटते.

आपल्या मंडळांनी यातून काय घ्यावे? बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली उत्तर अमेरिकेत अनेक गावी मराठी शाळा चालतात आणि तेथील शिक्षक विनामूल्य, मनापासून शिकवतात. परंतु तेरा-चौदाव्या वर्षी मुले तेथून गळतात, कारण त्या वयाला तेथे काही काम उरत नाही. ती एकतर विद्यार्थी असतात किंवा गणेशोत्सवातील नाचाच्या रांगेत उभी असतात. त्या मुलांवर धाकट्यांची जबाबदारी टाकावी आणि त्यासाठी निदान तीन रात्रींचे निवासी शिबिर भरवावे, अशी माझी कळकळीची सूचना आहे. मुक्कामाने माणसे जोडली जातात हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आषाढीच्या वाटेवर दिंड्या तळ टाकतात तेव्हा दुसरे काय होते? सायंकाळी हरिपाठ, सकाळी खो-खो आणि लेझीम, मुलांनीच थापलेल्या भाकऱ्या, रात्री मोठ्या मुलांनी धाकट्यांना मराठीत वाचून दाखवलेली गोष्ट, एवढेही पुरेल. ज्यांना हरिपाठात गोडी नाही त्यांच्यासाठी नाटक बसवा. मात्र कार्यक्रमपत्रिका सोळा वर्षांच्या मुलांना ठरवू द्या आणि कार्यकारिणीने पातेली घासावीत.

सुरुवातीला फार मोठी तयारी लागत नाही. आपल्या गावातील गुरुद्वाऱ्यात जाऊन शिबिराच्या संयोजकांना भेटावे; ते आपले नोंदणीचे अर्ज, औषधांचे तक्ते, रात्रपाळीच्या याद्या दाखवायला तयार असतात, असा माझा अनुभव आहे. आपल्या मंडळातील दोन-तीन तरुणांना एका उन्हाळ्यात त्यांच्या लंगरमध्ये सेवेला पाठवता आले तर फारच उत्तम, कारण कागदावरून न कळणारे बरेच काही तेथे कळते. शिबिरस्थळांची पुढच्या उन्हाळ्याची नोंदणी हिवाळ्यातच भरत येते, तेव्हा ज्या मंडळांना हे करायचे आहे त्यांनी दिवाळीच्या कार्यक्रमानंतर लगेच जागा पाहायला सुरुवात करावी.

आपली नम्र,
एक मराठी बालरोगतज्ज्ञ, कॅलिफोर्निया